आवाज इलो म्हणान

आमच्या वाडीत विमान आधी ऐकू येतं, मग दिसलं तर दिसतं. माड-फोफळी इतक्या दाट आहेत की बहुतेक वेळा दिसत नाहीच. सिंधुदुर्गात परुळ्याजवळचं आमचं घर आणि चिपीचा सडा यांत दोन हाकांचं अंतर. लहानपणी सड्यावर जायचं ते गुरांमागे. काळा कातळ, फटीफटींतून उगवलेलं गवत, भाद्रपदात पंधरा-वीस दिवस फुलं, आणि उरलेलं वर्ष तापलेल्या तव्यासारखी जमीन. तिथे विमानतळ होणार असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचे काका म्हणाले होते, "थंय बैल सुदीक धावत नाय, विमान काय धावतला!"

धावलं. अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ला मुंबईचं विमान चिपीला उतरलं. मधल्या काळात काका गेले. मी डोंबिवलीत बसून मोबाईलवर ते उद्घाटन बघत होते. मंत्र्यांची भाषणं, त्यांतली एकमेकांना मारलेली कोपरखळ्यांची जुगलबंदी हे सगळं बाजूला ठेवून मी एकच हिशोब करत होते : आता आईकडे दीड तासात.

हिशोब चुकीचा होता, हे कळायला मला पहिलंच तिकीट पुरलं. मुंबई ते चिपी सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर भरतं आणि विमान ते सव्वा-दीड तासात कापतं, हे खरं. पण मी सरळ रेषेत राहत नाही, मी डोंबिवलीत राहते. घरातून विमानतळापर्यंत दोन तास. लोकलचा भरवसा नाही म्हणून वर अर्धा तास. विमान सुटायच्या दीड तास आधी तिथे हजर. चिपीला उतरून बॅग येईपर्यंत आणि रिक्षा मिळेपर्यंत आणखी थोडा. सगळं मिळून सहा तास. त्यातला हवेतला वेळ जेमतेम पाव.

गाडीचं गणित वेगळं. पहाटेची वंदे भारत ठाण्याला पकडली तर पावसाळा सोडून अकरा-साडेअकराच्या सुमारास कणकवली. पुढे घरापर्यंत सव्वा तास. म्हणजे आठ तास. कोकणकन्येने गेलं तर रात्री बाराच्या आत ठाण्याला बसायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. ती वेळ खातच नाही, झोप खाते. माझ्या वयाच्या बाईला झोपेची किंमत कळते, तरी सांगते, साइड लोअर मिळाला असेल तर तोही तोटा नाही.

तेव्हा वाचले किती, तर दोन तास. त्या दोन तासांसाठी किती मोजायचे ते ज्याने त्याने ठरवावं. 'उडान' या स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी योजनेतल्या ठरावीक जागांचं तिकीट अडीच हजारांच्या आसपास असायचं आणि त्या जागा आपण ॲप उघडेपर्यंत गेलेल्या असायच्या. गाडी स्वस्त हे उघडच आहे. पण कोकण रेल्वेचं तिकीट त्याच अंतराच्या देशावरच्या तिकिटापेक्षा महाग असतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हा मार्ग बांधायला आलेला खर्च वसूल व्हावा म्हणून भाडं आकारताना इथलं अंतर ४० टक्के वाढवून धरतात. शंभर किलोमीटर गेलात की एकशेचाळीसचे पैसे. ज्यांनी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पाहिलाय, रत्नागिरीजवळ पानवलच्या पुलावरून खाली ६४ मीटरवरची नदी बघून पोटात गोळा आलाय, त्यांना त्या चाळीस टक्क्यांचा फार राग येणार नाही. मला येत नाही. गणपतीत वेटिंग तीनशेवर गेलं की मात्र येतो.

आमच्या घरात हा प्रवास तीन पिढ्यांचा आहे. आजोबा आगबोटीने जायचे. बोट वेंगुर्ल्याच्या बंदरात दूर उभी राहायची आणि तिथून पडावातून किनाऱ्याला. पडावात उतरताना आजीची पिशवी पाण्यात गेली होती, ती गोष्ट आमच्याकडे लग्नकार्यात अजून निघते. पिशवीत काय होतं याबद्दल दर वेळी वेगळी माहिती मिळते. पावसाळ्यात ती बोट बंद. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईचा माणूस मुंबईला आणि गावचा गावाला. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तेव्हापासून आजीने पावसाचे चार महिने समुद्राकडे तोंड करून बसणंसुद्धा सोडलं होतं म्हणतात.

बाबा एसटीने यायचे. परळला गिरणीत होते. संध्याकाळी लाल डब्यात बसायचं, रात्री कशेडी घाटात अर्ध्या गाडीने ओकाऱ्या काढायच्या, सकाळी कुडाळला अंग आंबून उतरायचं. आषाढात घाटात दरड आली की गाडी तिथेच. आम्ही पोरं दिवसभर फाट्यावर बसून. संध्याकाळी कुणीतरी सांगायचं, महाडला पाणी भरलंय, आज काय येत नाहीत.

आणि मग १९९८. जानेवारीच्या २६ तारखेला रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. मी तेव्हा विशीत होते, लग्न व्हायचं होतं. ७४० किलोमीटरच्या आसपासचा मार्ग, दोन हजारांवर पूल, नव्वदवर बोगदे, आणि हे सगळं १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाल्यापासून सातेक वर्षांत. हा मार्ग उभारून घेणारे श्रीधरन, त्यांचं नाव आमच्याकडे देवळातल्या गाऱ्हाण्यात घ्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. वाटलं, आता सुटलो पावसाच्या तावडीतून.

जून २००३मध्ये वैभववाडीजवळ गाडी रुळावरून घसरली, पन्नासवर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. दोन्ही वेळा डोंगरावरून खाली आलेले दगड. डोंगर कापून रूळ घातले तरी पाऊस डोंगराचाच. तेव्हापासून पावसाळी वेळापत्रक आलं : जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या हळू, जोराचा पाऊस असेल तर ताशी ४०च्या वर नाही. रात्रभर शेकडो माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन रुळांवरून गस्त घालत चालतात. आपण एसीत पांघरूण ओढून झोपलेलो असतो तेव्हा कापणीच्या तोंडाशी उभा असलेला तो रेनकोटातला माणूस मी एकदाच पाहिलाय, खिडकीतून, अर्ध्या सेकंदापुरता. बॅटरीचा हिरवा उजेड आणि गमबूट.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती जुलै २०२२ची. आई अंगणात शेवाळावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. शेजारच्या वहिनींनी कुडाळला नेऊन प्लास्टर घालून आणलं आणि मग मला फोन केला. आधी का नाही केला, विचारलं तर आईच ओरडून मागून म्हणाली, "तू थंय बसान काय करतलंस गो?"

दुसऱ्या दिवशीच्या विमानाला एक जागा होती. किती पैसे भरले ते नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही. दुपारचं विमान. उशिराच सुटलं. पंख्याचं लहान विमान, साठ-सत्तर माणसांचं, त्यामुळे ढगांच्या वरून नाही, ढगांतूनच चालल्यासारखं. कुठेतरी विजयदुर्गाच्या पुढे असू असं मनाशी धरलं. मग वैमानिकाने सांगितलं की चिपीला ढग फार खाली आहेत, थोडं थांबून बघू.

थांबून म्हणजे घिरट्या. हवेतलं थांबणं ते. एक फेरी, दुसरी फेरी. खिडकीला नाक लावून मी खाली बघत होते आणि खाली फक्त पांढरं होतं. त्या पांढऱ्याच्या खाली कर्लीची खाडी होती, निवतीचं दीपगृह होतं, आमचं कौलारू घर होतं आणि घरात मोडक्या हाताची आई होती. एकदा पंख कलला आणि फटीतून लालसर काहीतरी दिसलं. सडा असेल. तेवढंच. मग विमान वळलं आणि आम्ही परत मुंबईला आलो. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "काकी, फुकट मुंबई-मुंबई दर्शन." त्याला हसायला हवं होतं, पण मला जमलं नाही.

मोबाईल चालू झाला तसा आईचा फोन.

"काय गो, खंय पोचलंस?"

"मुंबईत आहे. उतरलंच नाही विमान."

"मगे आवाज इलो तो? दोनदा इलो." थोडं थांबून म्हणाली, "आवाज इलो म्हणान मी भात टाकलंय."

डाव्या हाताने टाकला होता.

त्या रात्री आरक्षण मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दादरला जाऊन जनरलचं तिकीट काढलं आणि तुतारीच्या बायकांच्या डब्यात शिरले. ही गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, आणि त्या पाच मिनिटांनी आजवर किती संसारांत भांडणं लावली असतील त्याची गणती नाही. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून माणूस शुक्रवारचं तिकीट काढतो, आणि ती गाडी गुरुवारी रात्रीच निघून गेलेली असते. त्या रात्रीही एक कुटुंब दोन पेट्या आणि एक टेबलफॅन घेऊन टीसीशी हुज्जत घालत उभं होतं.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मिनिटांनी झाली. कशी होते ते मला अजून कळलेलं नाही, पण होते. एका म्हातारीने स्वतःचं बोचकं मांडीवर घेतलं आणि मला चार बोटं जागा दिली. खेडला उतरणार होती. "खंयचा गाव?" हा प्रश्न, मग कुणाच्या घरातली, मग माहेर की सासर, आणि मग मी कशाला चाललेय ते. विमानाची गोष्ट सांगितल्यावर अख्ख्या डब्याला इतकं बरं वाटलं की विचारू नका. पैसे परत मिळतील का यावर वीरपर्यंत चर्चा चालली. (पुढे मिळाले. वेळ लागला.)

खेडनंतर खिडकी मिळाली. सकाळ झाली होती. संगमेश्वरनंतर कुठेतरी गाडी साइडला टाकली. वीरपर्यंत आता दुहेरी रूळ आहेत, पण पुढे बहुतेक सगळा मार्ग एकेरीच. समोरून दुसरी यायची असली की एकीने बाजूला थांबायचं. नेहमीचे लोक नुसतं "क्रॉसिंग" म्हणतात आणि उतरून तंबाखू मळायला लागतात. पंखे बंद झाले. मग पाऊस ऐकू यायला लागला, मग बेडूक, मग कुठल्याशा पऱ्ह्याचा आवाज. शेतात इरली घातलेल्या दोन बायका लावणी करत होत्या. एकीने मान वर करून आमच्या डब्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. वीस मिनिटं. पंचवीस. कुणी चिडलं नाही. एका पोरीने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून फिरवले.

मी घाईत होते. आईचा हात मोडला होता. तरीही खरं सांगायचं तर त्या पंचवीस मिनिटांत माझ्या पोटातला कालपासूनचा गोळा सुटला. विमानात घिरट्या घालतानाही थांबलोच होतो, पण ते थांबणं वेगळं होतं. तिथे आपण कुठे आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे निदान समोर भाताचं खाचर होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती. डोंबिवलीच्या घराचं कुलूप लावल्याला सव्वीस तास झाले होते. आई पडवीत बसली होती, हात गळ्यात. काल टाकलेला भात तिने ठेवला होता. मी त्याला फोडणी दिली, आणि दोघींनी खाल्ला.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही बाई विमानाच्या विरोधात आहे. नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आणलं, ते विमानानेच. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या बाईला रात्रीच्या गाडीत घालून आणणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. फलाट आणि पायरी यांतलं अंतर, चालत्या गाडीतला संडास, आणि पहाटे ठाण्याला उतरताना मागून येणारा लोंढा. खिडकीतल्या पावसाचं कौतुक धडधाकट माणसाने करावं.

चिपीला तपासणीत आईची बॅग बाजूला काढली. आत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोक्याच्या मालाच्या यादीत आहे. तिथल्या मुलीने हे फार अदबीने समजावून सांगितलं. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आमच्या माळ्यार इतकी वर्सां पडलेला आसा, त्याका कधी लागली नाय ती आग!" वाट्या तिथेच राहिल्या. सुकी सुरमई मी आधीच काढून ठेवली होती, नाहीतर आम्ही दोघी तिथेच राहिलो असतो. पंधरा किलोत कोकण बसत नाही. गाडीने येताना आजवर कुणी आमचं वजन केलं नाही : पाच किलो कुळथाचं पीठ, सोलं, तांदूळ, मे महिना असला तर हापूसची पेटी आणि सीटखाली घमघमणारा फणस.

पण विमान वर गेलं आणि आईने खिडकीतून स्वतःचा किनारा बघितला. स्वच्छ ऊन होतं. "ह्यां निवती?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग देवबागच्या टोकापर्यंत ती काही बोलली नाही. चहा येऊन गेला, आणि मुंबई आली. "उठान बसासर इलो," असं ती पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होती. मला तेव्हा माझ्यापुरतं उत्तर सापडल्यासारखं झालं. मी जाताना गाडी, तिला आणताना विमान. घाई माझी नसते, तिच्या गुडघ्यांची असते.

माझ्या मुलाला हे पटत नाही. तो इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडे आकडे असतात. विमान सगळ्यात जास्त इंधन वर चढताना जाळतं, म्हणून जितका प्रवास छोटा तितकं किलोमीटरमागे जास्त, असं तो सांगतो. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२पासून विजेवर आहे हेही तोच सांगतो. ती वीज बरीचशी कोळशाचीच, हे मी सांगितलं की म्हणतो, तरीही. एवढं मलाही मान्य आहे की तरीही. फ्रान्सने २०२३मध्ये, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद केली, पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लियाँ, नाँत, बोर्दोला जाणारी, हे तो मोठ्या कौतुकाने वाचून दाखवतो. अडीच तासांत! अडीच तासांत आमची पावसाळी पॅसेंजर दिव्याहून निघून अजून रायगड जिल्ह्यातच कुणाला तरी वाट देत उभी असते. त्यांच्याकडे गाडी इतकी बरी की विमान काढून घेता येतं. आमच्याकडे दोन्हींपैकी कुठलं उद्या असेल हे आधी बघावं लागतं.

तसंच झालं. 'उडान'ची तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस मुंबईचं विमान थांबलं. कुणी घंटा वाजवली नाही. मी तारखा शोधत होते आणि ॲपवर येत नव्हत्या, एवढंच. आमच्या ओळखीतले बरेच जण तोवर गोव्याला, मोपाला उतरू लागले होते. बांद्यापासून ते जवळच, आणि तिथे मोठी विमानं. पण मोप ते परुळे म्हणजे पुन्हा गाडी करा, पुन्हा दीड-दोन तास हाडं खिळखिळी. आईला नको झालं. "आता तुमीच येवा," म्हणाली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिने पुढे ढकललं, आणि मग तो विषयच काढायचा नाही असं झालं.

मला यात एक बोच आहे, ती सांगून टाकते. त्या तीन वर्षांत मी किती वेळा विमानाने गेले? चार वेळा. गाडीने अठरा-वीस. विमान हवं होतं, पण हवं तेव्हाच हवं होतं.

त्या दिवाळीला गाडीनेच गेलो. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी, असा नवा नियम लागला होता आणि डब्यात सगळे त्यावरच बोलत होते. भाऊबीज रविवारी होती. भाऊ आंघोळीला गेला होता, मी पाट मांडत होते, आई पडवीत नारळ सोलायला बसली होती. हात आता बरा आहे, पावसात दुखतो. सड्याच्या दिशेने घरघर आली आणि वाढत गेली. मी कामातून थांबले. उठून अंगणात गेले, माडांच्या मधून वर बघितलं. काही दिसलं नाही.

आईने कोयत्यावरून नजर काढली नाही.

"ता पुण्याचा," ती म्हणाली.